फुलावर आली की बसते: ग्रो टेंटमधली ढोबळी मिरची आणि पहाटेची ओल

लागोपाठ तीन वेळा माझ्याकडे एकच झालं. रोपं जोमात वाढली, पानांना काळोखी आली, सातव्या-आठव्या आठवड्यात कळ्या लागल्या आणि तिथून पुढं दहा-पंधरा दिवसांत सगळं खालावत गेलं. फुलं देठाशी पिवळी पडून गळायला लागली. पानांच्या वरच्या बाजूला फिकट पिवळे डाग दिसले, पान उलटं केलं की तिथंच पिठासारखी पांढरी भुरी. मग पानगळ. शेवटी चार झाडांवर बोटांवर मोजण्याइतकी फळं राहिली, तीही खुजी.

आमचा फ्लॅट सांगलीत विश्रामबागेकडं आहे. गॅलरीसमोर दुसरी इमारत उभी राहिली आणि ऊन गेलं. म्हणून मागच्या खोलीत ग्रो टेंट, म्हणजे दिव्याखाली झाडं वाढवायचा आतून चंदेरी कापडाचा बंद तंबू, लावला: १२० सेंटिमीटर लांब, ६० रुंद, १८० उंच. वर १८० वॉटचा एलईडी, छताशी हवा बाहेर टाकणारा ४ इंची एक्झॉस्ट पंखा, खाली कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) चार ग्रो बॅगा. एवढ्या जागेला एवढा प्रकाश पुरतो. १४ तास दिवा ठेवला तर ढोबळी मिरचीला किंवा चेरी टोमॅटोला लागणारा दिवसभराचा उजेड मिळतो. म्हणजे सामानात खोट नव्हती, आणि त्यामुळंच कारण सापडायला इतका वेळ गेला.

पहिल्या वेळी मला वाटलं खत कमी पडलं. दुसऱ्या वेळी खताच्या पाण्याचा ईसी (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) आणि पीएच (आम्लता) रोज मोजला, ईसी २ च्या आसपास आणि पीएच ६ ला ठेवला, कोकोपीट आधी कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून धुऊन घेतलं. झाडं आधीपेक्षा चांगली वाढली, पण भुरी आलीच, उलट जास्त आली. कारण पाला जास्त झाला होता. तिसऱ्या वेळी बियाणं बदललं, दिवा खाली घेतला, भुरी दिसली त्या दिवसापासून औषध मारलं. तरी तेच.

तिसऱ्या वेळचं पीक टेंटमध्ये होतं तेव्हा मार्चचा पहिला आठवडा होता. तासगावकडचे माझे मामा बेदाण्याच्या सौद्याला सांगलीत आले होते, रात्री आमच्याकडेच मुक्काम. द्राक्षबाग करणाऱ्या माणसाला पाचला जाग येतेच. त्यांनी मला उठवलं आणि म्हणाले, "तुझा तो तंबू उघड बघू."

चेन खाली ओढली आणि बॅटरी मारली. दिवा बंद होऊन सात तास झाले होते. आतल्या चंदेरी कापडावर घाम आल्यासारखं पाणी होतं, वरून खाली ओघळ उतरले होते. प्रत्येक पानाच्या कडेला बारीक थेंब, मण्यांची ओळ लावल्यासारखे. मामांनी झाडाच्या मध्यभागी हात घातला, दोन मिनिटं तसाच ठेवला. बाहेर काढला तेव्हा मनगटापर्यंत ओलसर होता. "वारा न्हाय रं ह्यात," ते म्हणाले. "दिवसा तू बघतोस तवा सगळं कोरडं असतंय. रोग रात्री येतोय."

मला एक शंका होती ती मी त्यांना विचारली: बागेतली भुरी कपड्यांवरून, हातांवरून इथं येते का? ते म्हणाले, तसं नाही. द्राक्षावरची भुरी आणि मिरचीवरची भुरी या दोन वेगळ्या बुरशा आहेत, एकीची दुसऱ्या पिकावर येत नाही. आणखी एक फरक आहे, तो फार महत्त्वाचा. द्राक्षाची भुरी पानाच्या पृष्ठभागावर बसते, त्यामुळं गंधक तिला थेट लागतं. मिरचीवरची बुरशी पानाच्या आत शिरून वाढते आणि नंतर पानाच्या खालच्या रंध्रांतून पांढरी होऊन बाहेर पडते. लागण झाल्यापासून ती डोळ्यांना दिसेपर्यंत तीन आठवडेही जाऊ शकतात. म्हणजे आज दिसलेली भुरी तीन आठवड्यांपूर्वीच्या रात्रींची असू शकते, आणि दिसल्यावर मारलेलं, नुसतं पानावर बसणारं औषध आत पोचत नाही. माझ्या फवारण्या वाया का गेल्या ते तेव्हा समजलं.

डावणीला, म्हणजे द्राक्षावरच्या दुसऱ्या एका रोगाला, पानावर पाणी उभं राहावं लागतं, भुरीला तेही लागत नाही. दमट, कोंदट हवा आणि दाट सावलीचा पाला एवढ्यावर तिचं भागतं. कोरड्या हवेतही ती थोडीफार येते, पण टेंटमध्ये आपण तिला रोज रात्री दहा तास हवं ते देत होतो.

आता आकडे, कारण आकड्यांशिवाय हे पटत नाही. टेंटमधली हवा १.३ घनमीटर, म्हणजे १३०० लिटर. २५ अंशांना एवढ्या हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते. ३० ग्रॅम म्हणजे दोन मोठे चमचे पाणी! आणि मी चार झाडांना दिवसाला २ लिटर पाणी घालत होतो. झाड पिऊन घेतलेल्या पाण्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त पानांवाटे हवेत सोडतं. दोन चमचे मावणाऱ्या भांड्यात दोन लिटर ओतायचे असतील तर ते भांडं सतत रिकामं होत राहायला हवं, रात्रीसुद्धा.

त्यात भर थंडाव्याची. दिवा चालू असताना टेंटमध्ये २८ अंश आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर ते छान आहे. दिवा बंद झाला, हवा २२ अंशांवर आली, की एक थेंबही पाणी न वाढता तीच हवा ८६ टक्क्यांवर जाते. २० अंशांना ९७. वर झाडाची वाफ चालूच. दुपारी आर्द्रतेचा मीटर बघून समाधान मानणारा माणूस म्हणूनच फसतो.

माझ्याकडे हे का होत होतं? दोन कारणं निघाली, आणि ज्यांना ज्यांना मी नंतर टेंट लावायला मदत केली त्यांच्याकडेही यांतलं एक तरी होतंच.

पहिलं, दिवा आणि एक्झॉस्ट एकाच एक्स्टेंशन बोर्डवर, एकाच टायमरवर. रात्री दहाला दिवा बंद व्हायचा, त्याबरोबर पंखाही. वीज वाचते, आवाज थांबतो, झोप लागते, असा विचार होता. हिशोब केला तर ३० वॉटचा पंखा रात्रीचे १० तास चालवायला ०.३ युनिट लागतं. दिव्याला रोज अडीच युनिट जातात. नको त्या ठिकाणी काटकसर झाली होती. पंखा टायमरवरून काढून थेट बोर्डवर लावला, सोबत वेग कमी-जास्त करायचा रेग्युलेटर. रात्री निम्म्या वेगावर चालतो, आवाज जाणवत नाही.

दुसरं कारण लपलेलं होतं. एक्झॉस्ट हवा बाहेर टाकत होता, पण कुठं? त्याच बंद खोलीत. खोली १० बाय १०, उंची ९ फूट, म्हणजे साधारण साडेपंचवीस घनमीटर हवा. त्यात आधीच ६० टक्के ओल असेल तर २५ अंशांना आणखी जेमतेम पाव लिटर वाफ मावते. टेंटची ओल खोलीत आणि खोलीची ओल खालच्या जाळीतून परत टेंटमध्ये. पंखा चोवीस तास फिरला तरी ती तीच हवा फिरते. सरकत्या खिडकीच्या फटीत बसेल अशी प्लायवूडची पट्टी सुताराकडून कापून घेतली, तिला ४ इंची भोक पाडलं आणि डक्ट, म्हणजे पंख्याची हवा नेणारी लवचिक नळी, बाहेर काढला. बाहेरच्या तोंडाला जाळी लावा, नाहीतर पाली आणि डास आत येतात. डक्ट ताणून, आखूड आणि शक्यतो सरळ ठेवा. पिशवीसारखा लोंबता डक्ट पंख्याची निम्मी ताकद खातो. आणि खोलीच्या दाराखाली दोन बोटं फट असू द्या. बाहेर जाणाऱ्या हवेच्या जागी नवी हवा कुठून तरी यायला हवी.

हे बरोबर झालंय की नाही ते तपासायला मी उदबत्ती वापरतो. टेंट पूर्ण बंद करा, पंखा रात्रीच्या वेगावर ठेवा, खालच्या जाळीसमोर पेटती उदबत्ती धरा. धूर ठामपणे आत ओढला गेला पाहिजे. टेंटच्या बाजूही किंचित आत खेचल्यासारख्या दिसतात. मग चेन थोडी उघडून उदबत्ती झाडांच्या मध्ये, पानांच्या खाली न्या. धूर जिथं सरळ काठीसारखा वर चढतो ती जागा मेलेली, तिथं वारा पोचतच नाही. माझ्याकडे मागच्या डाव्या कोपऱ्यात अशी जागा होती, आणि तिन्ही वेळा पहिलं पिवळं पान त्याच कोपऱ्यातलं होतं. तिथं खाली एक छोटा क्लिपचा पंखा लावला, दुसरा शेंड्यांच्या वर. पानं थरथरावीत एवढाच वारा हवा. फडफडली तर कडा वाळतात.

मीटर घेताना कमाल-किमान आकडा लक्षात ठेवणारा घ्या, स्वस्तातला चालतो. तो झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवर टांगा, दिव्याचा उजेड थेट पडणार नाही असा. रोज सकाळी रात्रीची सर्वांत जास्त आर्द्रता वहीत लिहा. माझ्याकडे हे दोन बदल होण्याआधी ती ९० च्या वर असायची. बदलानंतर मार्चमध्ये ७० च्या आत आली आणि कापडावरचा घाम दुसऱ्याच पहाटे गेला.

पाणी देण्याची वेळही बदला. दिवा लागल्यावर पहिल्या निम्म्या वेळेत पाणी द्यायचं, दिवा बंद होण्याआधी तीन तास काहीही घालायचं नाही. ताटल्यांमध्ये पाणी साचलं असेल तर कापडानं टिपून काढा. मी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर पाणी घालायचो. म्हणजे झाडाला रात्रभर गच्च ओली मुळं आणि वर कोंडलेली हवा. पानाच्या कडेचे ते मणी त्याचेच होते.

पाल्याच्या बाबतीत मात्र मामांचं ऐका, म्हणजे बागायतदाराचं. द्राक्षबागेत बगलफुटी (पानांच्या बगलेतून येणारे फुटवे) काढल्या नाहीत तर घडापर्यंत हवा आणि औषध पोचत नाही, हे आपल्या भागात शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. टेंटमध्ये तर जागा बागेपेक्षा अरुंद, आणि आपण हिरवं दिसतंय म्हणून एक पान तोडायला कचरतो. मी आता ढोबळी मिरचीच्या पहिल्या फांटीपर्यंतची, म्हणजे खोडाला पहिल्यांदा फाटे फुटतात तिथपर्यंतची, खालची सगळी पानं आणि फुटवे काढून टाकतो. फांटीत येणारं पहिलं फूल खुडतो, कारण ते फळ झाडाची वाढ अडवतं. दोन, फार तर तीन फांद्या ठेवून सुतळीनं वर बांधतो. चार झाडांच्या जागी तीन लावली तर आणखी बरं. मला चौथं झाड काढताना जीवावर आलं होतं, पण तीन झाडांनी चारांपेक्षा जास्त दिलं.

आता पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत रात्री बाहेरचीच हवा २३ अंश आणि ९० टक्के असते. अशी हवा आत घेऊन टेंट कोरडा कसा होणार? यावर मला सापडलेला सर्वांत उपयोगी उपाय फुकट आहे: दिव्याची वेळ उलटी करा. संध्याकाळी सातला दिवा चालू, सकाळी नऊला बंद. झाडाला घड्याळ कळत नाही, त्याची रात्र आपण ठरवतो. बाहेरची २३ अंशांची ओली हवा दिव्यामुळं आत २७ अंशांवर तापली की तिची आर्द्रता ९० वरून ७० च्या आसपास उतरते. झाडाची वाफ धरूनही ती आवाक्यात राहते. झाडाची रात्र दिवसा येते, तेव्हा खोलीच २६-२७ अंशांवर असते, त्यामुळं तो अचानक थंडावा येत नाही. हिवाळ्यातही हेच लागू पडतं. बाहेर पारा पंधराच्या खाली-वर असतो तेव्हा दिव्याची ऊब वाया जात नाही.

एप्रिल-मेला मात्र हा उपाय अपुरा आहे. दिवा रात्री ठेवला तर झाड जगतं, पण त्याची रात्र चाळीस अंशांच्या दुपारी येते. रात्रीचं तापमान २४ च्या वर जितकं चढेल तितकी ढोबळी मिरची जास्त फुलं टाकते, तिथं ओलीचा दोष नाही. त्या दोन महिन्यांत मी फळाची अपेक्षा ठेवत नाही, टेंट धुऊन उघडा ठेवतो. खरी लागवड ऑक्टोबरात, द्राक्षबागांमध्ये फळछाटणी सुरू होते तेव्हा.

संततधार लागली आणि उलट्या वेळेनंही आकडा ८० च्या खाली येत नसेल तर ओल ओढून घेणारं यंत्र, डीह्युमिडिफायर, लावावं लागतं. ते टेंटमध्ये नको, खोलीत ठेवा. ते गरम हवा सोडतं आणि टेंटमध्ये जागाही खातं. ते चालू असताना खिडकीतला डक्ट काढून खोली बंद करा, नाहीतर आपण बाहेरचा पाऊस वाळवत बसतो.

आधीच भुरी आली असेल तर? डागाळलेली पानं दिवा बंद असताना हळूच कापून पिशवीत घालून बाहेर न्या. हलवाहलव केली की पांढरी पूड उडून सगळीकडं बसते. निम्म्याहून जास्त पाला गेला असेल तर ते झाड काढा, त्याचा मोह धरू नका. उरलेल्या निरोगी पानांवर पोटॅशियम बायकार्बोनेट लिटरला ४ ते ५ ग्रॅम, पानाच्या खालच्या बाजूनं नीट, आठवड्यातून एकदा. बागेतलं पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम चालतं, पण झाड गॅलरीत नेऊनच मारा, तोंडाला मास्क लावा, तापमान ३० च्या वर असेल तर मारू नका, आणि निंबोळी तेल मारलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या, नाहीतर पानं करपतात. बंद खोलीत गंधक जाळायचा विचार तर मनातही आणू नका, घरात माणसं राहतात. फळं तोडण्याआधी किती दिवस थांबायचं ते पाकिटावर लिहिलेलं असतं, ते पाळा.

भुरी गेली तरी काहींची फुलगळ थांबत नाही. तेव्हा बघा, फुलांना हलवतंय कोण? शेतात वारा आणि मधमाशा असतात. हवा फार दमट असेल तर परागकण चिकटून राहतात, सुटतच नाहीत, म्हणून आर्द्रता ६० ते ७० मध्ये असताना रोज एकदा फांदीला बोटानं टिचकी मारायची. दिवा लागून तीन-चार तास झाल्यावरची वेळ चांगली. चेरी टोमॅटोला इलेक्ट्रिक टूथब्रशची पाठ फुलाच्या देठाला क्षणभर टेकवली की पिवळी पूड उडताना दिसते. फळाच्या बुडाला काळा, दबलेला डाग पडत असेल तर ते दुखणं वेगळं, पाणी कधी जास्त कधी कमी पडल्यानं कॅल्शियम फळापर्यंत पोचत नाही. पाणी रोज सारखं द्या.

एक गोष्ट अजून माझ्या हातात पूर्ण आलेली नाही, ती वीज. वळवाच्या पावसात रात्री तीन-चार तास लाईट गेली की सगळं पुन्हा पहिल्यासारखं होतं. दिव्याचं सोडा, झाड एक रात्र सहन करतं. पण ३० वॉटचा पंखा मी घरच्या इन्व्हर्टरवर घेतलाय, आणि तोही बंद पडला तर टेंटची चेन पूर्ण उघडून खोलीची खिडकी उघडतो. गेल्या जूनमध्ये अशा एका रात्री मला जाग आली नाही. सकाळी मीटरवर ९६ होतं, आणि बरोबर एकोणीस दिवसांनी मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या झाडावर पहिला पिवळा डाग दिसला. त्या दिवसापासून इन्व्हर्टरचं पाणी मी दर रविवारी बघतो.